खाली तोफ

बसा हो, सरकून बसा. आज अशी गोष्ट सांगतो, की एका साध्या शब्दापायी माणसं कशी मेली ते ऐकून तुमचंही डोकं भडकेल. भडकू द्या.

महाराजपूर आणि पनिहार, दोन्हीकडं एकाच दिवशी शिंद्यांची फौज इंग्रजांपुढं हरली, त्यानंतरचे हे दिवस. करार झाला. फौज छाटायची, जादा तोफा गोऱ्यांच्या हवाली करायच्या, आणि त्यांच्या हुकुमातली नवी पलटण उभी करायची. पनिहारच्या वाटेवर एक लहानशी गढी होती. तिथले सुभेदार मानसिंगराव, आणि त्यांचा गोलंदाज कान्होजी. हा साताऱ्याकडून नवानवाच आलेला. तोफ त्याच्या बोटांवर नाचायची, पण हिंदी म्हणाल तर बाजारात भाजी घेण्यापुरती. तीसुद्धा त्याला महाग पडायची.

गढीवर एकच तोफ होती, यमाई. सुभेदारांनी शब्द दिला होता, तंटा नाही, तोफ मुकाट्यानं देतो. त्या सकाळी कान्होजीनं दोर लावून यमाईला बुरुजावरनं उतरवली, दरवाजासमोर उभी केली. हळदकुंकू लावलं. त्याचा मेव्हणा संभाजी नारळ घेऊन शेजारी उभा. कान्होजीचे डोळे भरलेले बघून तो म्हणाला, "दाजी, रडता काय? सासर चांगलं गोरंपान मिळालंय!"

सगळे हसले. कान्होजीनं त्याला शिवी हासडली आणि तोफेत दारू भरली. नुसती दारू, गोळा नाही. तोफ घर सोडते तेव्हा तिच्याच तोंडून सलामी द्यायची, ही रीत. लेक निघाली की आई डोळ्याला पदर लावते, ते काय कुणाची परवानगी काढून?

गोरा कप्तान आला, मागं बंदूकवाले. सोबत दुभाष्या मुनशी. त्यानं कान्होजीला विचारलं, "तोप खाली है ना?"

आता बघा. मुनशीची खाली म्हणजे रिकामी. आमची खाली म्हणजे खाली, बुरुजावरनं जमिनीवर! कान्होजी छाती काढून म्हणाला, "हो हो! सबेरेसे खाली है. हमने खुद किया."

मुनशीनं साहेबाला सांगितलं, तोफ रिकामी आहे. साहेब पुढं आला. सुभेदारांनी मान हलवली, "दे बत्ती." यमाई गरजली.

धूर विरायच्या आत बंदुका सुटल्या. संभाजी नारळासकट पडला. आत माणसं तलवारींकडं धावली, पण लढाई कसली ती! सलामीला आलेली माणसं मारली, आणि वर म्हणे यांनीच दगा केला.

दुसऱ्या दिवशी छावणीत कान्होजीला उभा केला. कप्तानानं मुनशीकरवी विचारलं, "बत्तीचा हुकूम सुभेदारानं दिला? दग्याचा बेत त्याचाच होता, एवढं बोल. नव्या पलटणीत नायक करतो."

"हुकूम सलामीचा होता," कान्होजी म्हणाला. "गोळा होता का? तुमचा एक तरी माणूस मेला का?"

"तूने ही तो बोला था, खाली है," मुनशी म्हणाला.

तेव्हा कुठं कान्होजीला उमगलं. त्यानं बोट जमिनीकडं केलं. "अहो मुनशीजी, आमच्यात खाली म्हणजे ही अशी! इकडं! उतरवली होती हो! साहेबाला एवढं सांगा, पाया पडतो."

मुनशीचा चेहरा उतरला. समजलं त्याला, चांगलं समजलं. साहेबाकडं पाठ करून तो पुटपुटला, "चुप रहो भाई. अब बताऊँ तो मेरी नौकरी जाएगी." आणि वळून साहेबाला इंग्रजीत काहीतरी भलतंच सांगितलं. अरे, तुझी नोकरी! आणि संभाजी?

निकाल लागला. मानसिंगरावांची पगडी उतरवली, गढी जप्त, मुलखाबाहेर हाकलायचं. आणि हुकूम निघाला, याला यापुढं सुभेदार म्हणेल त्याला नव्या पलटणीत जागा नाही.

भरतीच्या रांगेसमोरनंच त्यांना बोडक्या डोक्यानं नेलं. मुद्दाम! काल त्यांचं मीठ खाणारे पायांकडं बघत उभे. कुणाला पोटाची, कुणाला पोरांची काळजी. त्यांना तरी किती बोलू? हुकमाचा ताबेदार म्हणून सोडून दिलेला कान्होजीही त्याच रांगेत होता. घरात संभाजीची विधवा कान्होजीच्या बायकोच्या गळ्यात पडून रडत होती, दोन्ही चुली आता त्याच्यावरच.

सुभेदार समोर आले. कान्होजीनं मान वर केली. मग तो रांगेतनं एक पाऊल पुढं आला, कमरेत वाकला आणि साऱ्या छावणीला ऐकू जाईल असं ओरडला, "सुभेदार, मुजरा!"

मानसिंगराव थांबले. बोडकं डोकं जरा वर झालं, तेवढंच. कान्होजीला दंडाला धरून रांगेबाहेर फेकला. पुढं जन्मभर त्यानं हजीऱ्याच्या वस्तीत लोकांची लाकडं फोडली.

त्या सुभेदारांना लोक अजून दगाबाज म्हणतात हो. बाकी काही नको मला तुमच्याकडनं. उठायच्या आधी त्यांचं नाव एकदा घ्या, हुद्द्यासकट. आणि पुटपुटू नका, जरा मोठ्यानं घ्या.