कोंडीराम महाराजांची प्राणनळी

रविवारी सकाळी खराडीतल्या आयटी कंपन्यांमागच्या चढावर दीडशे माणसं जमली होती आणि बहुतेकांचे मोबाइल वर होते. समोर तेजसची लाल पिकअप, बॉनेट उघडं. अंगावरचं भगवं उपरणं इंजिनावर पांघरून कोंडीराम महाराज त्याच्याखाली डोकं घालून बसले होते. पूजा चालू होती, ती कोणी पाहायची नव्हती.

तेजस आमचा भाडेकरू. मूळचा अकोल्याचा, कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. मी मंदाकिनी, कसब्यातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मला ओढून आणलं ते त्याच्या आईच्या, विमलाबाईंच्या काळजीने. त्यांना दमा आहे. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी चार दिवस पंप घेतला नव्हता, आणि आज तो महाराजांच्या टोपलीत अर्पण करायचा होता.

"गाडी सुधरली त मी काहून नाही सुधरणार, बाई?" त्या म्हणाल्या. एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

महाराज बाहेर आले. "इंजिन म्हणजे काय, भक्तहो? फुप्फुस. कंपनीने त्याच्या नाकाला प्लॅस्टिकचा डबा बांधलाय. आधी जुना श्वास बघा."

तेजसने गाडी चढावर घातली. ती रखडली, गचके खाऊ लागली आणि मागून काळाकुट्ट धूर ओकू लागली.

"मागच्या मालकाचं पाप," महाराज शांतपणे म्हणाले.

गाडी तेजसने शोरूममधून कोरी घेतली होती, पण एवढ्या आनंदाच्या प्रसंगी ते कोण सांगणार.

मग हवेचा जुना डबा निघाला आणि चकचकीत प्राणनळी बसली. म्हणजे एक जाड पाइप आणि टोकाला लाल फिल्टर. अशी नळी गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळते, फक्त तिथे मंत्र मिळत नाही. गाडी सुटली ती चढ संपल्यावरच थांबली. धुराचा मागमूस नाही. कोणीतरी चक्क ढोल आणला होता, तो वाजू लागला, माणसं नाचू लागली. खोटं कशाला बोलू, माझाही पाय हलत होता.

तेवढ्यात टोपली विमलाबाईंपुढे आली. त्यांनी पिशवीतून पंप काढला, आणि माझा पाय जागच्या जागी थांबला.

"महाराज, एक शंका," मी म्हटलं. "आता जुनाच डबा आतून झटकून परत लावा. पूजा मात्र नको."

"बाई, श्रद्धा लागते."

"मला वाटलं डिझेल लागतं."

"पण काकू, त्याने काय कळणार?" तेजसने विचारलं.

"ऑफिसात एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतोस ना? इथे दोन बदलल्या, नळी आणि पूजा. पहिल्या फेरीआधी पूजा झाली, दुसऱ्या फेरीआधी नाही."

तेजसचे कान लाल झाले. बाजूला पडलेला डबा त्याने उचलला आणि ज्या तोंडातून हवा आत जाते तिथे दोन बोटं घातली. भगव्या फडक्याचा मुठीएवढा बोळा बाहेर आला.

"तो प्रसाद आहे," महाराज म्हणाले.

"मग खा की," मागून कोणीतरी म्हणालं, आणि अख्खा चढ हसून लोळायचा बाकी राहिला.

तेजसने जुना डबा लावला. गाडी तशीच झरझर वर गेली, धूर नाही. तो खाली आला तोवर महाराज स्कूटरवरून निघूनही गेले होते, आणि त्यांना कसलीही नळी लागली नव्हती.

हसता हसता विमलाबाईंचा श्वास अडकला. चेहरा पांढरा पडला. तेजसने धावत येऊन त्यांच्या हातातलाच पंप त्यांच्या तोंडाशी धरला. दोनदा ओढल्यावर हळूहळू छातीतली शिट्टी उतरली. तोवर मी देवाचं नाव घेतलं नाही, पण घड्याळ मात्र दहा वेळा पाहिलं.

"मले वाटलं, गाडीचं जमलं त माझंही जमन," त्या म्हणाल्या.

"गाडीचा आजार त्यानेच कोंबला होता, म्हणून त्याला काढता आला," मी म्हटलं. "तुमचा दमा खरा आहे, विमलाबाई."

चमत्कार दिसला की नाचा, माझी हरकत नाही. पण नाचून झाल्यावर विचारा, आधी काय केलं होतं आणि नंतर काय केलं नाही. उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेलं औषध कोणाच्याही टोपलीत टाकू नका.