वाकडी रांग

१९७९ च्या पावसाळ्यात पुण्याची मृणाल प्रौढशिक्षणाची स्वयंसेविका म्हणून बपेऱ्याला आली आणि कुंताबाईंच्या घरी राहिली. संध्याकाळी ती बायांना अक्षरं शिकवी. सकाळी त्यांच्या मागोमाग धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरावर, जाई. पण कुंताबाई तिला चिखलात उतरू देत नसत, कडेच्या बांधावर बसवत. "पाव्हणी आहेस वं तू. धुऱ्यावरच बस."

रोवण्याच्या शेवटच्या दिवशी मृणालला राहवेना. "मावशी, आज मी येणारच!" म्हणत तिनं साडी खोचली आणि थेट बांधीत उडी मारली. पाय गुडघ्यापर्यंत रुतले आणि ती धपकन बसली. बाया खो खो हसल्या. तिलाही हसू आवरेना.

कुंताबाईंनी रोपांची जुडी तिच्या हातात दिली. "आता पडलीसच, तं रोव!"

दुपारपर्यंत मृणालनं एक अख्खी रांग रोवली. "माझी रांग! बघा ना सगळ्या!" ती ओरडली. रांग सापासारखी वळत गेली होती. कुंताबाईंचे यजमान मारोतराव ती रोपं उपटायला वाकले.

"राहू द्या जी," कुंताबाई म्हणाल्या. "दिवाळीनंतर ह्या रांगेचा तांदूळ येगळा काढू, पोरीले पुण्याले धाडू."

मृणालनं चिखलाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली.