सौसनच्या तुकड्यावरची कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. माणसांच्या हातांची मला शिसारी आली आहे. का, ते ऐका.

लेबनॉनच्या डोंगरातल्या एका लोहाराने मला मोडक्या ट्रकच्या पाट्यापासून घडवले आणि ओकचा दांडा बसवला. मला नुहादबाईंनी नेले. गावातल्या काही माणसांनी उजाड डोंगरावर पुन्हा जंगल उभे करायचे मनावर घेतले होते, त्यांत त्या सगळ्यांच्या पुढे. आम्ही दगडांचे बांध घातले, ओकची रोपे लावली, परकी झुडपे मुळासकट उपटली. संध्याकाळी नुहादबाई माझे पाते पुसून त्याला ऑलिव्हचे तेल लावत. "माझ्या पोरापेक्षा हिला जास्त कळतं," असे त्या म्हणाल्या की मी फुगून जाई.

एका खडकाळ तुकड्याला मात्र त्या मला शिवू देत नसत. तिथे सौसनचे कंद होते. वसंतात त्यांना काळ्या-जांभळ्या शिरांची मोठी फुले येत. आमच्या डोंगरावर सौसन आता तेवढीच उरली होती. उन्हाळ्यात तिची पाने वाळत आणि जागा अगदी ओसाड दिसे.

मग एकदा उन्हाळा सरता सरता वृक्षारोपणाचा समारंभ ठरला. शहरातून बेकसाहेब नावाचे बडे पुढारी आले, मागे फोटोवाले आणि पाइनची रोपे भरलेला टेम्पो. माझ्या दांड्याला लाल फीत बांधली. कसला तो ओंगळ नटवेपणा!

"इथेच लावू," बेकसाहेब म्हणाले. "मागे दरी झकास दिसते. जागाही मोकळीच आहे."

"मोकळी नाही, साहेब. खाली सौसन आहे," म्हणत नुहादबाई आडव्या आल्या.

गावच्या जंगल समितीचे प्रमुख घत्तास त्यांना बाजूला ओढून कुजबुजले, "वहिनी, हात जोडतो, आजच्या दिवस गप्प बसा. पाण्याची टाकी देतो म्हणालेत ते. चार फुलांपायी घालवता का?"

"आणि टाकीचं पाणी घालणार कशाला? तुझ्या टकलाला?"

लोक हसले. बेकसाहेबही हसले. मग अत्तराने घमघमणाऱ्या त्या मऊ हातांनी मला उचलून खाली हाणले. कंद कचकन चिरला. त्याचा पांढरा, ओला गर माझ्या तोंडाला चिकटला. रोपे प्लास्टिकच्या पिशव्यांसकट खड्ड्यांत कोंबली गेली, टाळ्या पडल्या, आणि कॉफीचे उष्टे पेले तिथेच टाकून मंडळी निघून गेली.

त्यानंतरच्या वसंतात सौसन फुललीच नाही. पाइन पिशव्यांतच वाळले. टाकी तर आलीच नाही.

वर्ष भरले आणि घत्तास पुन्हा दारात हजर. "वहिनी, साहेब येताहेत. कुदळ द्या. गेल्या वर्षीचेच खड्डे उकरू, फार खपायला नको."

इतका निर्लज्जपणा मी पाहिला नव्हता.

"हरवली," नुहादबाई म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीमागेच भिंतीला टेकून उभी होते.

तो जाताच त्या मला घेऊन वर चढल्या. एका खड्ड्याच्या काठाशी सौसनचे एकच हिरवे टोक वर आले होते. मग त्यांनी मला काटेरी झुडपात खोल ढकलून दिले.

आता मी इथेच गंजणार. मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला सांभाळा. मी विनवते, मला शोधू नका. घत्तास दुसरी कुदळ आणीलच. पण ती चालवायची, तर आधी नुहादबाईंना उठवावे लागेल. त्या हिरव्या टोकाशेजारी मांडी घालून बसल्या आहेत.