मध्ये बोलायचं नाही

माईक दिसला की माझ्या बाबांचे हात शिवशिवतात. उभा जन्म त्यांनी पुण्यात निवेदन केलं. गणेशोत्सव, ऑर्केस्ट्रा, लोकांच्या निवृत्तीचे समारंभ, एकदा तर फर्निचरच्या सेलचं उद्घाटन. आई पुण्यातच राहिली आणि हे तीन महिन्यांसाठी परदेशात, न्यू लिनला माझ्याकडे आले, तर इथेही तेच. डेअरीत दूध आणायला गेले की काउंटरवरच्या माणसाला ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून आधी स्वतःची ओळख, मग माझी, मग मैत्रेयीची. “माय डॉटर सुरुची, इन आयटी. अँड धिस इज मैत्रेयी, हर फ्लॅटमेट.”

तो फ्लॅटमेट शब्द मीच त्यांना दिला होता, त्यामुळे मनातल्या मनात चडफडण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

मैत्रेयी माझी फ्लॅटमेट नाही. ती माझी जोडीदार आहे. आदल्या वर्षी, २०१३ला, इथे आमच्यासारख्यांच्या लग्नाचा कायदासुद्धा झाला. आमचं अडलं होतं ते एवढ्यावरच की मी घरी सांगितलं नव्हतं. त्यातच मैत्रेयीला दूर वेलिंग्टनमध्ये नोकरी चालून आली. तिथून जवळच अप्पर हटला तिच्या मावसबहिणीकडे राहायची सोयही होती. तिने भाजी चिरता चिरता मला सांगून टाकलं, “बाबा मंगळवारी जातायत. त्याआधी तू सांगितलंस तर मी इथेच. नाहीतर सोमवारी मी वेलिंग्टनला हो म्हणणार. मला जन्मभर फ्लॅटमेट राहायचं नाहीये.” भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी जिंकते.

बरं, मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पण हा माणूस एरवी अखंड बोलतो, बसस्टॉपवर बोलतो, टीव्हीशी बोलतो, आणि मी “बाबा, एक सांगायचंय” म्हटलं की गप्प. चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत बसायचे. असं कोणी बघत बसलं तर सांगायचं कसं? मग मी म्हणायचे, “उद्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचाय.” ते म्हणायचे, “ठेवू की.” आणि पुन्हा त्यांची गाडी सुरू.

शेवटी मी माझ्या संगीताच्या आडून जायचं ठरवलं. शनिवारी रात्री मी के रोडच्या एका तळघरातल्या क्लबमध्ये हाउस म्युझिक वाजवते. गॅरेजमध्ये सराव करताना बाबा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत यायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि विचारायचे, “गाणं कधी सुरू होणार?” रोज. मी रोज सांगायचे की हेच गाणं आहे. त्यावर “गायक कोण?” डोक्याला नुसता ताप.

त्या दिवशी मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सत्तरच्या दशकाचा शेवट, शिकागो शहर. काळी मुलं, लॅटिनो मुलं. त्यातले कितीतरी मुलगे मुलग्यांवर प्रेम करणारे. बाकीच्या क्लबांत त्यांना कोणी उभं करत नव्हतं, काहींना तर घरातूनही काढलेलं. ते एका जुन्या इमारतीत नाचायला जमायचे. त्या क्लबचं नाव वेअरहाउस, म्हणजे वखार, आणि त्यातलंच हाउस या संगीताला चिकटलं. बाहेर लोकांना डिस्कोचा एवढा राग की त्याच शहरातल्या एका स्टेडियममध्ये रेकॉर्डींचा ढीग सुरुंग लावून उडवून दिला. डिस्को संपला म्हणाले. या मंडळींनी त्याच रेकॉर्डींना स्वस्तातल्या ड्रम मशीनचा ठेका लावला, आणि गाणं थांबूच दिलं नाही.

“का थांबू दिलं नाही?” बाबांनी विचारलं.

“थांबलं की दिवे लागतात, बाबा. दिवे लागले की घरी जावं लागतं. ज्याला घरीच घेत नाहीत, त्याने कुठे जायचं?”

मी श्वास घेतला. आता पुढचं वाक्य, बस. आणि हे म्हणतात, “यात निवेदक कुठे उभा राहतो?”

“नसतो निवेदक.”

“मग कोण कोणाचं आहे, हे लोकांना कळतं कसं?”

“कळावं लागत नाही. तिथे कोणी विचारत नाही, तेच तर सुख आहे.”

“हे काही बरोबर नाही,” बाबा म्हणाले. “ज्यांना बाहेर कोणी मानाने पुकारलं नाही, त्यांना तिथेही कोणी पुकारायचं नाही?” माझं टाळकं सरकलं. मी गाण्याचा आवाज वाढवला आणि पाठ फिरवली.

क्लबात त्यांना नेणं शक्य नव्हतं, रात्री नऊला त्यांचे डोळे मिटतात. म्हणून रविवारी दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला वाजवायचं मी कबूल केलं. एकदा, फक्त एकदा, या माणसाने तोंड बंद ठेवून मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं. मग परत येताना गाडीत मी सांगून टाकणार होते. मंडळाच्या अध्यक्ष स्नेहलताताईंना आणि बाबांना मी एकच अट घातली: मध्ये बोलायचं नाही. घोषणा नाहीत, फर्माईश नाही, सत्कार शेवटी.

सत्काराचंही एक दुखणंच आहे. आमच्या मंडळात कलाकाराचा सत्कार सजोड होतो. नवराबायकोला शेजारी उभं करून शाल आणि नारळ. मी एकटी जायचे आणि स्नेहलताताई दर वर्षी नारळ देताना म्हणायच्या, “पुढच्या वर्षी जोडीने ये गं.”

आता कल्पना करा. भर दुपार, ट्यूबलाइट, हॉलभर श्रीखंडाच्या वाट्या, आणि मी हाउस वाजवतेय. दुसऱ्याच गाण्याला स्नेहलताताई आल्या. “सुरुची, जरा ओळखीचं लाव ना.” मी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा आल्या, कोणाच्या तरी पांढऱ्या गाडीने वाट अडवली होती. “फक्त एक अनाउन्समेंट, माईक दे.”

माईक माझ्याकडे नव्हताच. बाबा स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसले होते आणि माईक त्यांच्या मांडीवर होता, दोन्ही हातांखाली. त्यांनी स्नेहलताताईंना मानेनेच नाही म्हटलं. ताई गाडीवाल्याला शोधायला टेबलाटेबलावर फिरल्या. मला मान्य करायला जिवावर येतं, पण बाबा ऐकत होते. टाचेने ठेका धरला होता. आधी पोरं नाचायला आली, मग पोरांच्या आया, मग मैत्रेयी. कोणी थांबायचं नाव घेईना.

शेवटच्या गाण्यात मी ठेका काढून घेतला आणि एकच सूर लांब धरून ठेवला. लोक हात वर करून ठेक्याची वाट बघत होते. आणि नेमके तेव्हा बाबा उठले. मी हाताने, डोळ्यांनी, दात खाऊन त्यांना नको म्हणून सांगितलं.

“रसिकहो,” बाबांनी सुरुवात केली.

झालं. मी डोळे मिटून घेतले.

“ज्यांना घरात जागा नव्हती, त्यांनी एका वखारीत घर मांडलं. आज तुम्ही नाचताय ते त्या घरातलं संगीत. ते माझ्या घरात पोचलं आणि माझ्या कानाला गायक सापडेना, हा माझा दोष. आता सत्कार. स्नेहलताताई, शाल आणा. सुरुची आणि मैत्रेयी. सजोड.”

स्नेहलताताई शाल घेऊन जागच्या जागी थांबल्या. “सजोड?” त्यांनी विचारलं. तो सूर अजून वाजतच होता.

“सजोड,” बाबा माईकमध्ये म्हणाले. “माझ्या घरच्या दोघी आहेत.”

हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची सरकवली. एक काका प्लेट उचलून बाहेर गेले. स्नेहलताताईंनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग गर्दीत उभ्या असलेल्या मैत्रेयीचा हात धरून तिला वर आणलं आणि एकच शाल आम्हा दोघींच्या खांद्यांवर पसरली. “आलीस की जोडीने,” त्या पुटपुटल्या. माझा एक हात आवाजाच्या पट्टीवर, फेडरवर, तसाच होता. ठेका मी उशिरा सोडला, चुकीच्या जागी. कोणाला कळलं नाही, लोक नाचायला लागले.

गाडीत मी बाबांवर भडकले. माझं वाक्य होतं ते, मी सांगणार होते, तुम्ही नेहमीसारखं मध्ये तोंड घातलंत.

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं,” बाबा म्हणाले. “तू तापाने पडली होतीस आणि ही रात्रभर जमिनीवर बसून होती. फ्लॅटमेट असं बसत नाहीत. तू सांगशील म्हणून थांबलो. तीन महिने मध्ये बोललो नाही, सुरुची. माझ्यासारखा माणूस. पण मंगळवारी विमान आहे.”

मला समोरचा रस्ता दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवरून मैत्रेयी म्हणाली, “उद्या वेलिंग्टनला फोन करायचाय. नाही म्हणून सांगायला.”

“आणि आई?” मी विचारलं.

बाबांनी खिशातून मोबाइल काढला, पुण्याचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

“तू बोल,” ते म्हणाले. “मी मध्ये बोलणार नाही.”