वाऱ्याकडे पाठ केलेली भट्टी

टेकडीवर सगळ्यांत आधी उभा राहिला तो एक उंच, बारीक खांब. वर्षभर तो नुसता वारा मोजत होता. झऱ्यावरच्या बायकांनी त्याची पुष्कळ थट्टा केली. पूर्वेचा शर्की वारा सुटला की आमची धुणी शेजारच्या गावात सापडतात, आम्हालाच विचारलं असतं तर एवढं लोखंड वाचलं असतं, असं त्या म्हणायच्या. खाली रस्त्याच्या वळणावर पावाची भट्टी असलेली यामना, जिला सगळे मानाने लल्ला म्हणत, ऐकून हसायची.

मग गावची जमात, म्हणजे पंचमंडळी, बसली. अभियंता जलालने चटईवर नकाशा पसरला. पवनचक्क्या कुठे, रस्ता कुठून, कुरणं कोणाची, सगळं पुदिन्याच्या चहावर बोलून झालं. शेवटी त्याने चाचरत सांगितलं, की चक्कीचं पातं फार लांब असतं. वळणावर गाडी वळली की त्याचं टोक थेट यामनाच्या भट्टीवरून फिरेल. भट्टी काढावी लागेल.

त्या भट्टीशी तिचा नवस बांधलेला होता. मुलगा अय्याद समुद्रात हरवून सुखरूप परत आला, तेव्हापासून दर गुरुवारी ती रोजा धरी आणि वळणावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर भट्टीतला गरम पाव ठेवी. एकही गुरुवार चुकला नव्हता. तरी तिने नाही म्हटलं नाही.

"मोडायची तर शुक्रवारी नमाजानंतर मोडा," ती हळूच म्हणाली. "पण पुढच्या गुरुवारी मला ती पुन्हा उभी पाहिजे."

जलालने शब्द दिला.

रस्ता रुंद झाला. डोंगरावर खड्डे खणले, सळयांचे पिंजरे बसले, काँक्रीट ओतून पाये भरले, खांबांचे पांढरे तुकडे वर गेले. पाती बंदरावरून निघाली तशी ठरल्या शुक्रवारी भट्टी मोडली. आणि संध्याकाळी शर्की सुटला.

तसल्या वाऱ्यात पातं हलवता येत नाही. गाड्या खालच्या सपाटीवर अडकल्या, माणसं रिकामी बसली. पाती गेल्याशिवाय भट्टी बांधता येईना आणि वारा तर थांबेना. घरी तव्यावर भाज, असं शेजारणी सुचवत होत्या. पण नवस भट्टीच्या पावाचा होता. यामना विटांच्या ढिगाजवळ बसून तसबीहचे मणी ओढत राही.

सोमवारी मुकादम मुख्तार तिच्यापाशी उकिडवा बसला.

"मावशी, भट्टी ह्याच जागी हवी, असं बोलला होता का नवस?"

"वळणावर, एवढंच बोलले होते."

"मग बांधावर, त्या अंजिराच्या मागे वळणच आहे की. तिथवर पातं पोचत नाही."

रिकाम्या माणसांना काम मिळालं. त्यांनी पेंढा घालून माती तुडवली आणि संध्याकाळपर्यंत घुमट उभा केला. यामना बघायला आली आणि तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. भट्टीचं तोंड त्यांनी पूर्वेला, भर वाऱ्यात ठेवलं होतं.

"अरे लेकरांनो, वाऱ्याकडे तोंड चक्कीचं असतं. भट्टीने वाऱ्याकडे पाठ करायची असते. नाहीतर धूर माझ्या डोळ्यांत आणि राख तुमच्या पावात."

मुख्तारने कपाळावर हात मारला. म्हणाला, "सवय, मावशी. चक्की आपली आपण वळते. हिला मोडूनच वळवावं लागणार."

मंगळवारी मोडून पुन्हा बांधली. आता ओल्या मातीची काळजी. ओलीत जाळ घातला तर भट्टी तडकते. बुधवारी यामना दिवसभर हात लावून बघत होती. शर्की भट्टीच्या पाठीवर थडाथडा आपटत माती सुकवत होता. दिवस मावळता तिने बोटाचं पेर आपटून पाहिलं. माती खणखणली.

गुरुवारी पहाटेच्या नमाजानंतर तिने जाळ पेटवला. एक बारीक तडा गेला, तो तिने मातीने बुजवला. रस्ता बंद, वाटसरू कुठून येणार, अशी अय्यादला शंका. ती कणीक मळतच राहिली.

ऊन वर येता येता वारा पडला. पहिलं पातं वळणावर आलं, मुंगीच्या पावलांनी, दोन्ही अंगांना माणसं चालत. जुन्या विटांवरून त्याचं टोक अलगद फिरून गेलं. मागून जो जो चालत आला त्याच्या हातावर पाव पडला. शेवटी जलाल आला.

"लल्ला, शब्द दिला मी, पण पाळला वाऱ्याने."

"ज्याने वारा धाडला, त्याने," यामना म्हणाली आणि त्याला जरा मोठा पाव दिला.

अंजीर पिकले तोवर सगळ्या चक्क्या फिरू लागल्या. आता देखभालीची माणसं अधूनमधून येतात. वळणाजवळच्या चक्कीला बघायला गेलं तर काही झालेलं नसतं. तरी दर गुरुवारी तिची तपासणी निघतेच.