मले सीधी करू नका

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहो. खिडकीची नाही. पोकलेनची. जुन्या बिल्डिंगा पाडणाऱ्या मशीनच्या केबिनवर बसायचं, वरून काही पडलं तर अंगावर घ्यायचं, एवढंच माझं काम.

बुटीबोरीच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये गोपिकाताईनं मले बनवलं. जाड पट्ट्या. एकेक जोड दोनदा तपासलेला. पण मशीनचा ऑपरेटर जितेंद्र पहिल्याच दिवशी वैतागला.

"काहून वं ताई, मी पोपट आहो का? पिंजऱ्यात टाकून राहिली मले. वरचं धड दिसत नाही."

"पोपट त गोड बोलते," ताई म्हणाली. "बस गुपचूप."

खरं सांगते, वाईट वाटलं. मग सवय झाली त्याले. धरमपेठेत दोन बिल्डिंगा पाडल्या आम्ही. मे महिन्यात तो ओला दुपट्टा माझ्यावर टाकायचा, पाच मिनिटांत कोरडा. विटा पडायच्या, मी झेलायची. कोणाचं लक्ष नसायचं. चालायचंच.

मग रामदासपेठेतलं काम आलं. तीन मजल्यांची रिकामी बिल्डिंग. जितेंद्र खालून स्लॅब ओढत होता, अन् वरचा बीम भलत्याच बाजूनं तुटला. थेट माझ्यावर. रस्त्यावरची माणसं जागीच थांबली. मी वाकली. खूप वाकली. पण माझ्यात अन् जितेंद्रच्या डोक्यात वीतभर जागा उरली होती. मित्रांनो, ती वीतभर जागा म्हणजे माझं सगळं आयुष्य.

दुसऱ्या दिवशी तो हार घेऊन आला. मले कुंकू लावलं. मालक गणपतराव म्हणाले, नवीन जाळी बसवू. तर हाच अडून बसला.

"नाही साहेब. इनंच जीव वाचवला माझा. घन मारून सीधी करा. मी इच्याखालीच बसन."

मी घाबरली. इतका जीव कोणी लावला नव्हता मले, अन् त्याच्यापायीच हा मरणार होता. माझ्यात दम उरला नव्हता. पण मले बोलता येते थोडीच!

गोपिकाताई आली. तिनं घन उचललाच नाही. कोपऱ्यातला जोड पुसला, जितेंद्रचं बोट धरून त्यावर फिरवलं.

"काय लागते?"

"चीर आहे, ताई."

"बाहेरून केसाएवढी. आतून किती, कोणाले माहीत? घन मारला त सीधी दिसन. पण पुढचा बीम नाही झेलणार."

"पण इचे उपकार आहेत न माझ्यावर."

"मग सुटी दे तिले. अजून किती काम सांगतो गा?"

जितेंद्रनं त्या चिरेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्यानंच हार काढला.

"नवीन बनव, ताई. अन् इले कापून टाक. नाही त भंगारातून कोणी उचलन, दुसऱ्याच्या डोक्यावर बसवन."

तेव्हा मले त्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःचाही कधी वाटला नव्हता.

आता मी चार तुकडे होऊन शेडमागं पडली आहो. नवीन जाळी कामावर गेली. ताईचे आभार, जितेंद्रचे आभार.

मित्रांनो, घरी कोणाचं हेल्मेट एखाद्या अपघातात जोरात आपटलं असन, तर ते पुसून परत डोक्यावर चढवू देऊ नका. त्याले थँक्यू म्हणा अन् नवीन आणा. आमचा अपमान नाही होत त्यानं. आम्हाले तुमचं डोकं शाबूत पाहिजे, बस.