अर्धी खुर्ची

नवी म्हणजे कितीशी नवी? हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागली तेव्हा तिची पोरगी कडेवर होती, आता तीच पोरगी आईच्या खांद्याला लागली. तरी नाव आपलं नवीच. नदीपलीकडून कामाला आलेल्या प्रत्येक बाईला तिथे नवी म्हणत. एकदम दोन-तीन जमल्या तर उंच नवी, काळी नवी असं काहीबाही जोडत. खरं नाव विचारायचे कष्ट घेतो कोण?

काम सगळ्यांना एकच. इस्त्रीच्या रोलरमधून गरमागरम चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. हे उभ्यानेच व्हायचं. पण अभ्रे आणि टॉवेल ही टेबलावरची कामं, आणि टेबलाला खुर्च्या होत्या. त्या खुर्च्या इथल्या बायकांच्या. पलीकडच्यांनी त्याच टेबलाशी, तेच अभ्रे, उभ्याने घडी करायचे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सुपरवायझर म्हणायचा, "त्यांना सवय असते." सवय म्हणे. संध्याकाळी नवीचे घोटे सुजून चपलेत मावायचे नाहीत, ते कोणत्या सवयीने?

चादरीला तिची जोडीदारीण होती थोरली. ही इथलीच, लॉन्ड्रीतली सगळ्यांत जुनी. पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, तोंड मात्र तिखट. नवीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा एका दुपारी थोरली आपल्या खुर्चीवर बाजूला सरकली आणि म्हणाली, "ये, टेक. माझं बूड काही एवढं मोठं नाही."

होतं चांगलंच मोठं, सगळ्यांना ठाऊक होतं. टेबलभर हसू पिकलं. पण नवी टेकली. त्या दिवसापासून एकीचा डावा पाय आणि दुसरीचा उजवा पाय खुर्चीबाहेर ठेवून दोघी अभ्र्यांच्या घड्या घालायच्या. आईच्या घरून निघाल्यापासून इतक्या मायेने नवीला कुणी जागा दिली नव्हती.

मग सुपरवायझरने पाहिलं. "खुर्ची एकीची असते," एवढंच म्हणाला. नवी सगळ्यांदेखत उठली. त्याच आठवड्यात ती चक्कर येऊन रोलरपाशी कोसळली, आणि मनगट चांगलंच भाजलं.

तिच्या वस्तीत एक वकीलबाई यायची. तिने मनगट पाहिलं, खुर्चीची गोष्ट ऐकली आणि म्हणाली, "माणूस कुठून आला यावरून त्याला वेगळं वागवायचं नाही, असा देशादेशांचा करार आहे. आपल्या सरकारनेही त्यावर सही केलीय."

"खुर्चीसाठी?" नवीने विचारलं.

"खुर्चीसाठीसुद्धा."

नवीला हसू आलं. बुडाखालच्या चार लाकडांसाठी एवढ्या देशांनी सह्या केल्या, आणि टेबलाशी बसलेली बाई मात्र सरकायला तयार नाही.

प्रकरण समानता आयोगापुढे गेलं. हॉस्पिटलवाल्यांनी साळसूदपणे सांगितलं, खुर्च्या आजारी आणि वयस्कर बायकांना असतात, कुणाच्या मुलखाशी त्यांचा संबंध नाही. आता हे खोटं पाडायला इथलीच बाई हवी होती. टेबलावरच्या सगळ्या माना खाली गेल्या. नोकरी कुणाला नकोय? शेवटी थोरलीच म्हणाली, "मी येते. मला आता कोण काय करणार?"

ती गेली. आयोगाच्या साहेबांनी तिला बसायला सांगितलं, तर ती उभीच राहिली. म्हणाली, "आम्हाला खुर्ची आहे, यांना नाही. कारण या पलीकडच्या. शेवटच्या टेबलावरची पोरगी विशीतली आहे, तिला खुर्ची आहे. हिचे दिवस भरत आलेत, हिला नाही. यात आजार कुठे आला?"

त्या एका साक्षीवर नवी जिंकली. आयोगाने हॉस्पिटलला बजावलं, सगळ्या कामगारांना सारखं वागवा.

आणि त्यांनी सारखं वागवलं. नवी बाळंतपण उरकून कामावर परतली त्या सकाळी टेबलाला एकही खुर्ची नव्हती. सगळ्या मागच्या खोलीत, कुलपात.

"आयोगाचा हुकूम," सुपरवायझर म्हणाला. "आता सगळ्या सारख्या."

"मग आम्हालाही खुर्च्या द्या ना," नवी म्हणाली.

"त्याला पैसे मंजूर नाहीत."

बायकांनी सुपरवायझरकडे पाहिलं नाही. त्यांनी नवीकडे पाहिलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण काडी लावणारा बाजूलाच राहतो आणि बोट भलतीकडेच जातं. डबा खायला नवीजवळ कुणी बसेना. बसेना कसलं, बसायला होतं काय?

ती धावत वकीलबाईकडे गेली. वकीलबाईने चष्मा काढून डोळे चोळले. "करार सांगतो, भेदभाव करू नका. आता कुणालाच खुर्ची नाही. मग भेदभाव कुणाशी झाला म्हणून सांगू? बसायच्या सोयीसाठी वेगळा दावा लावावा लागेल. लावू आपण. पण त्याला वर्षं जातील."

वर्षं जायला थोरलीचे पाय कुठे होते? ती अभ्र्यांशी उभी राहिली, चादरींना उभी राहिली, तोंडाने नेहमीसारखी बडबडत. हळूहळू बडबड थांबली. घोट्याजवळची जखम फुटली, भरेना. एके दिवशी चादरीचं दुसरं टोक धरायला भलतीच बाई आली, तेव्हा नवीला कळलं की थोरलीने काम सोडलं.

तिच्या घरी जायला नवीला बरेच दिवस धीर झाला नाही. गेली तर सुनेने दार उघडलं. "तुम्हीच ना जिंकलेल्या?" एवढं म्हणून ती बाजूला झाली.

थोरली खिडकीपाशी खुर्चीत होती. पायाला पोटरीपर्यंत पट्टी, शेजारी वाळलेल्या कपड्यांचा ढीग. "बस," ती म्हणाली. नवीला काही बसवेना.

येताना वाटेत ती एकच प्रश्न घोळवत आली होती, आणि त्याचं उत्तरही तिने मनातल्या मनात थोरलीच्या तोंडी घालून ठेवलं होतं. हो गं, पुन्हा तेच सांगेन. ते ऐकायलाच ती आली होती.

"मावशी, असं होईल हे माहीत असतं, तर आयोगापुढे सांगितलं असतंस का?"

थोरलीने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"नसतं सांगितलं," ती म्हणाली. "तिथे खोटं बोलले नाही, मग आता तुझ्याशी कशाला बोलू?"

नवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. थोरलीने तिला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. थोड्या वेळाने तिने ढिगातून एक चादर ओढली. "धर. सून नुसता बोळा करून ठेवते."

थोरलीने बसल्या जागी दोन कोपरे धरले. नवी मागे सरकत भिंतीपर्यंत गेली. दोघींनी चादर ताणली, झटकली. मग नवी चालत आली, थोरलीच्या वाट्याची अर्धी वाटही चालून, आणि आपले कोपरे तिच्या हातात दिले.

थोरलीने अंगठ्याने कड चाचपली. "कोपरा सरकलाय," ती म्हणाली. "परत घाल."

नवी चादरीचं टोक घेऊन पुन्हा भिंतीकडे गेली.